ओबर्नडॉर्फ, १८१८ : गोष्टीतून गळालेला कॉयर

‘सायलेंट नाइट’ हे नाताळचं गाणं कुणाचं, असं विचारलं की जाणकार दोन नावं सांगतात. शब्द फादर योसेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रान्स झावर ग्रूबर यांची. ते बरोबरच आहे. पण ग्रूबर मास्तरांनी १८५४ साली स्वतः लिहून ठेवलेल्या हकिगतीत तिसराही एक भागीदार आहे. फादरनी आपल्याकडे काय मागितलं, हे ते नेमकं सांगतात: दोन एकल आवाज, त्यांच्यासोबत कॉयर (चर्चमधला गायकवृंद), आणि साथीला गिटार. पुढे गोष्ट सांगणाऱ्यांनी गिटार तेवढी उचलली, तिच्याभोवती उंदरांनी कुरतडलेल्या ऑर्गनची कथा रचली आणि कॉयरला वाटेतच सोडून दिलं.

धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) कॉयरचं मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, काम काय, यावर आपल्याकडे वसईत नाताळ जवळ आला की हटकून वाद होतो. कॉयरने गायचं की लोकांना गायला लावायचं? नवीन चाल बसवायची की सगळ्यांना येते तीच? हे गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं त्या ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या प्रकरणावर हा वाद तपासून बघण्यासारखा आहे, कारण तिथं सगळंच तुटपुंजं होतं. वेळ एका संध्याकाळचा, गाव नावाड्यांचं आणि धर्मग्रामाचं वय अवघं दोन वर्षं.

नदीने तोडलेलं गाव

ओबर्नडॉर्फ साल्झाख नदीच्या काठावर, साल्झबुर्गच्या उत्तरेला आहे. हालाइनच्या खाणीतलं मीठ होड्यांत घालून खाली न्यायचं, यावर गावाचं पोट. शतकानुशतकं हे गाव म्हणजे समोरच्या काठावरच्या लाउफेन शहराचाच एक भाग होता. नेपोलियनच्या लढायांत साल्झबुर्गच्या आर्चबिशपांचं राज्य गेलं, मुलूख या हातातून त्या हातात फिरला, आणि १८१६ साली ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया यांच्यात वाटणी होऊन नदीच सरहद्द ठरली. लाउफेन बव्हेरियात गेलं, ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात राहिलं. शहरातलं मोठं चर्च आणि तिथली मुरलेली उपासना पलीकडे राहिली. अलीकडच्या लोकांना मिळालं नावाड्यांचं संत निकोलासचं चर्च. ग्रूबर आपल्या हकिगतीत ‘नव्याने स्थापन झालेला धर्मग्राम’ असे शब्द वापरतात ते यामुळे. गोष्ट सांगताना हे शब्द बहुतेक जण गाळतात. माझ्या मते प्रकरणाची किल्ली तिथंच आहे.

त्यात १८१६ हे वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेलं. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ च्या एप्रिलमध्ये फुटला होता, त्यातून वर गेलेल्या राखेने आणि वायूंनी पुढच्या वर्षीचं ऊन अडवलं, पिकं बुडाली, धान्य महाग झालं. लढाया नुकत्याच संपल्या होत्या. फादर मोर यांनी ही कविता लिहिली ती याच १८१६ साली, लुंगाऊ भागातल्या मारियाप्फार गावी. ओबर्नडॉर्फला ते आले पुढच्या वर्षी. म्हणजे ‘एका रात्रीत गाणं झालं’ हे अर्धंच खरं. शब्द दोन वर्षं खिशात होते, एका संध्याकाळी झाली ती चाल. हे नक्की कळलं ते १९९५ साली, मोर यांच्या हातची प्रत उजेडात आली तेव्हा. तिच्यावर त्यांनी कवितेचं साल १८१६ असं घातलं आहे.

दोन माणसं आणि एक पेशा

मोर जन्मले १७९२ साली साल्झबुर्गात. आई विणकाम करून पोट भरणारी, बाप फौजेतून पळालेला शिपाई, लग्न झालेलं नाही. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून नाव लागलं ते शहराच्या जल्लादाचं. अशा पोराला पुढे आणलं ते गाण्याने. कॅथेड्रलमधल्या संगीताची जबाबदारी असलेल्या हीर्नले नावाच्या धर्मगुरूंनी त्याचा आवाज ओळखला आणि शिक्षणाचा भार उचलला. हा मुलगा कॉयरमध्ये गायला, व्हायोलिन वाजवायला शिकला. अनौरस जन्मामुळे धर्मगुरू होण्यासाठी खास परवानगी काढावी लागली, ती मिळाली आणि १८१५ साली दीक्षा झाली.

ओबर्नडॉर्फला मोर सहायक धर्मगुरू होते. तिथल्या प्रमुख धर्मगुरूंशी त्यांचं पटलं नाही. वरिष्ठांकडे तक्रार गेली, तिच्यात हा तरुण धर्मगुरू गंभीर नाही, लोकांत मिसळून न शोभणारी गाणी म्हणतो, असा सूर होता. तक्रार करणाऱ्यांची बाजू समजून घेता येते. पण गिटार कुठून आली याचं उत्तरही त्या तक्रारीतच आहे. ज्याला नावाड्यांबरोबर गाता येत होतं त्यालाच हे गाणं सुचणार होतं.

ग्रूबर विणकराचे पुत्र, १७८७ चा जन्म. जवळच्या आर्न्सडॉर्फ गावात ते १८०७ पासून शिक्षक होते. त्या काळच्या ऑस्ट्रियात खेड्यातला शिक्षक म्हणजे एकात तीन माणसं असत. सकाळी मुलांना शिकवायचं, चर्चची व्यवस्था पाहायची, घंटा वाजवायची, आणि मिस्सेला ऑर्गनवर बसायचं. पोट चालायचं ते या सगळ्याची बेरीज करून. शाळेतली मुलं हाच त्याचा कॉयरचा कच्चा माल. १८१६ पासून ग्रूबर शेजारच्या ओबर्नडॉर्फलाही ऑर्गन वाजवायला चालत जाऊ लागले. म्हणजे आपल्याकडे दोन चर्चमध्ये कीबोर्ड सांभाळणारा मुलगा असतो ना, तसंच काहीसं. फरक इतकाच, की ग्रूबर सकाळी शाळाही उघडत.

मागणी काय होती

२४ डिसेंबर १८१८. मोर यांनी कविता ग्रूबर यांच्या हाती दिली आणि चाल मागितली. ग्रूबर त्याच संध्याकाळी चाल घेऊन आले आणि त्याच रात्री ती म्हटली गेली, सगळ्यांना आवडली. हकिगत एवढीच आहे. ऑर्गन बंद पडल्याचा उल्लेख तिच्यात कुठंही नाही. ऑर्गन जुना झाला होता हे खरं असावं, कारण १८२५ साली चर्चमध्ये नवा आला. पण स्वतः ऑर्गनवादक असलेला माणूस छत्तीस वर्षांनी सगळं आठवून लिहितो आणि ऑर्गन बिघडला होता हे विसरतो, हे पटत नाही. गिटार ही अडचणीतली सोय नव्हती. ती मागून घेतली होती.

आता वेळेचा हिशेब बघा. संध्याकाळी चाल तयार, रात्री गायन. सहा कडव्यांचं गाणं चार आवाजांत बसवायला मुरलेल्या कॉयरलाही आठवडा लागतो. चाल सोपी असली तरी सोप्रानोला (सगळ्यात वरच्या आवाजाला) शब्द पाठ होईपर्यंत बास (सगळ्यात खालचा) आपली ओळ विसरलेला असतो. ग्रूबर यांना हे माहीत नसेल असं होणार नाही. म्हणून त्यांनी काम वाटलं. वरचा आवाज फादर मोर यांचा टेनर, खालचा स्वतःचा बास, दोन्ही आवाज एकमेकांना धरून चालणारे, आणि कडवं संपलं की शेवटच्या ओळी कॉयरने चार आवाजांत पुन्हा म्हणायच्या. कॉयरच्या वाट्याला आलं मोजून चार मात्राखंडांचं (बारचं) संगीत. कडवं बदललं तरी सूर तेच. शब्द तेवढे बदलतात, तेही चार-पाचच. अर्ध्या तासात होण्यासारखं काम.

साथही तशीच. मूळ पट्टी डी मेजर, ताल सहा-आठ. गिटारवर डी, ए आणि जी ही तीन कॉर्ड्स बसली की गाणं वाजतं. आपल्याकडे गिटार शिकणारं पोर पहिल्या महिन्यात हीच तीन शिकतं.

कॉयरला मिळालेल्या त्या ओळी कुठल्या, हे मूळ सहा कडव्यांत शोधून बघितलं तर गंमत वाटते. पहिल्या कडव्याला ‘स्वर्गीय शांतीत नीज’. दुसऱ्याला ‘येशू, तुझ्या जन्मात’. तिसऱ्याला ‘मानवरूपातला येशू’. चौथ्याला ‘येशूने, जगातल्या साऱ्या जनांना’, म्हणजे भाऊ म्हणून कवटाळलं. पाचव्याला साऱ्या जगाला अभय दिल्याचं. सहाव्याला ‘येशू तारणारा आला आहे’. सहापैकी चार वेळा तारणाऱ्याचं नाव येतं ते कॉयरच्या ओळीत. पवित्र जोडपं, मेंढपाळ, कुरळ्या केसांचं बाळ हे सगळं वर्णन एकल गायकांकडे, आणि कबुली कॉयरकडे. मोर यांनी ठरवून केलं की छंदाच्या ओघात झालं, ते सोडा. पण चर्चमध्ये बसलेल्या नावाड्याच्या कानावर जे दोनदा पडलं, आणि दुसऱ्यांदा भरून पडलं, ते हेच.

चौथं कडवं आज सहसा कुणी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी सरहद्दीने कापलेल्या गावात ‘साऱ्या जनांना भाऊ म्हणून कवटाळलं’ ही ओळ कॉयरने पुन्हा म्हणायची, आणि नदीच्या पलीकडे आपलेच सोयरे आता परदेशी झालेले. त्या रात्री ही ओळ कशी ऐकू आली असेल, याचा विचार गाण्याच्या इतिहासकारांपेक्षा कॉयरमास्तरांनी जास्त करावा.

मिस्सेच्या आत की काठावर

इथून प्रकरण अवघड होतं. १८१८ साली मिस्सा लॅटिनमध्ये होती. धर्मगुरू वेदीवर सगळं म्हणत असे, कॉयर लॅटिनमधले ठरलेले भाग गात असे, आणि लोक आपापल्या प्रार्थना करत बसत. अशा विधीत जर्मन गाण्याची, तेही गिटारवर, जागा कुठली? बहुधा मिस्सा आटोपल्यावर, गोठ्यापाशी. ग्रूबर ‘त्या पवित्र रात्री’ एवढंच म्हणतात.

साल्झबुर्गच्या लोकांना मातृभाषेतलं गाणं मात्र नवं नव्हतं. तिथले शेवटचे सत्ताधारी आर्चबिशप कोलोरेडो यांनी १७८२ च्या आपल्या पत्रात जर्मन भजनांचा आग्रह धरला होता. मिस्सेतला वाद्यांचा पसारा त्यांना नको होता. हे तेच कोलोरेडो, ज्यांच्याबद्दल त्यांच्या पदरी असलेल्या संगीतकार मोझार्टने १७७६ साली इटलीतल्या आपल्या गुरूंना लिहिलं होतं की आमच्याकडे मोठ्यात मोठी मिस्साही पाऊण तासात संपली पाहिजे. मोझार्टचा जीव घुसमटला, हे जगाला माहीत आहे. पण त्याच धोरणाने खेड्यातल्या माणसाच्या तोंडी जर्मन भजन आलं. मिखाएल हायडनसारख्या संगीतकाराने त्या भजनांची चोपडी सुधारून दिली. म्हणजे मोर आणि ग्रूबर यांना रस्ता तयार मिळाला होता. कोलोरेडोंवर सगळे टीका करतात, मला मात्र या एका बाबतीत ते दूरदृष्टीचे वाटतात.

आपल्या इतिहासातही याच्या जवळची एक गोष्ट आहे. मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. मिस्सा लॅटिनमध्ये आणि पुराण मराठीत. विधीला हात न लावता, विधीच्या बाजूला लोकांच्या भाषेत गाता-वाचता येईल असं काही ठेवायचं, ही युक्ती ओबर्नडॉर्फच्या दोनशे वर्षं आधी गोव्यातल्या साष्टीत वापरून झाली होती.

नियमांच्या आरशात

प्रकरणाची परीक्षा करायची तर आधी चर्चने कॉयरबद्दल काय काय म्हटलं ते बघावं लागतं. त्यात एकच एक सूर नाही.

पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, चर्चसंगीतावर एक कडक फर्मान काढलं. त्यात कॉयरला मोठा मान आहे: गाणारे लोक सामान्य प्रापंचिक असले तरी ते धर्मसेवकांच्या गायकवृंदाची जागा घेतात, त्यांचं काम खरंखुरं उपासनेचं आहे. पण याच मानातून पुढचा निष्कर्ष काढला, की म्हणून स्त्रियांना त्यात घेता येणार नाही, उंच आवाज हवे असतील तर मुलगे घ्या. पियानो बंद, ढोल-झांजा बंद, विधिपूर्वक गायच्या मिस्सेत लोकभाषेतलं गाणं बंद. आणि एक बारीक पण शहाणं कलम: गाण्यासाठी धर्मगुरूला वेदीवर ताटकळत ठेवू नका. या नियमांत ओबर्नडॉर्फचं गाणं बसत नाही. भाषा चुकली, वाद्यही चुकलं.

बारावे पायस यांनी १९५५ साली पकड थोडी सैल केली. वेदीच्या आवाराबाहेर, वेगळ्या जागी, पुरुष आणि स्त्रिया मिळून कॉयर असायला हरकत नाही म्हणाले. जिथं जुनी वहिवाट आहे तिथं लॅटिन शब्दांनंतर लोकभाषेतली भजनंही चालतील, असंही म्हणाले. मग दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, आली. उपासनेवरचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: कॉयर जोपासा, आणि लोकांना त्यांचा सहभाग मिळेल असं बघा. मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्या, असंही तिथंच आहे. आपल्या चर्चमध्ये तबला-पेटी आली ती या वाक्याच्या आधाराने.

खरी कसोटी मात्र ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्रात आहे. मिस्सेतलं सगळंच गाणं कॉयरकडे सोपवून लोकांना पूर्ण बाजूला ठेवायचं, ही रीत मान्य नाही, असं ते सरळ म्हणतं. कॉयर पुरुषांचा, स्त्रियांचा, मिश्र किंवा मुलांचा, कसाही चालेल. जिथं लहानसाही कॉयर उभा राहत नाही तिथं निदान एक-दोन तयार गायक असावेत, त्यांनी सोप्या चाली मांडाव्यात आणि लोकांना सोबत घ्यावं. आज वापरात असलेल्या मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनाही हीच वाट धरतात. कॉयरची कामं दोन: स्वतःच्या वाट्याचं नीट गाणं आणि लोकांना गाण्यात ओढणं. कॉयरची बसायची जागा अशी हवी की तो जमलेल्या समुदायाचाच भाग आहे हे दिसलं पाहिजे.

भागवार बघितलं तर ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे सगळ्या समुदायाने धर्मगुरूसह म्हणायचं आहे, त्यात कॉयरला एकट्याचा हक्क नाही. ग्लोरिया (‘देवाला गौरव’ हे स्तुतिगीत) सगळे म्हणू शकतात, आळीपाळीने म्हणू शकतात, किंवा एकटा कॉयरही म्हणू शकतो. प्रवेशगीत मिरवणूक वेदीपाशी पोचेपर्यंत. ‘देवाच्या कोकरा’ भाकर मोडण्याचा विधी चालेल तोवर. कम्युनियनचं (पवित्र भाकर घेतानाचं) गीत धर्मगुरू ग्रहण करत असतानाच सुरू व्हायला हवं, आणि तिथं एक मायेची ओळ आहे: गाणाऱ्यांनाही सोयीने कम्युनियन घेता आलं पाहिजे, याची काळजी घ्या. कॉयरच्या माळ्यावरून उतरेपर्यंत रांग संपते, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना ही ओळ कुणासाठी लिहिली ते सांगायला नको.

या कसोटीला ओबर्नडॉर्फची रात्र लावा. कॉयरने स्वतःच्या वाट्याचं नीट गायलं का? वाटा इतका बेताचा ठेवला होता की नीट गाता येणारच होता. लोकांना ओढलं का? इथं मी अर्धेच गुण देईन. चाल सहा वेळा येते आणि प्रत्येक वेळी शेवटचा तुकडा कॉयरकडून परत येतो. तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत मागच्या बाकावरचा माणूस गुणगुणायला लागला असणार. पण शब्द प्रत्येक कडव्याला बदलतात आणि हाती कागद नाही. शिवाय आज आपण म्हणतो ती चाल पट्टीने मोठी आहे, खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत एक सप्तक आणि वर चार स्वर. झोपाळू अंगाई वाटते म्हणून लोक तिला सोपी समजतात, आणि वरच्या स्वराला पोचल्यावर अर्धं चर्च गप्प होतं. त्या जागी कॉयर लागतो. लोकांना जिथं जमत नाही तिथं आवाज भरून द्यायचा आणि जिथं जमतं तिथं मागे सरायचं, हे कॉयरचं काम कुठल्याही कलमात इतकं उघडं दिसत नाही जितकं या एका वरच्या स्वरापाशी दिसतं.

गाणं गावाबाहेर पडलं तेव्हा

तिरोलच्या झिल्लरताल खोऱ्यातले ऑर्गन बांधणारे कार्ल माउराखर या भागात कामाला येत. त्यांच्याबरोबर गाणं त्या खोऱ्यात गेलं. तिथल्या गायक कुटुंबांनी ते उचललं. हातमोजे विकायला जत्रांना जाणाऱ्या श्ट्रासर भावंडांनी १८३० च्या सुमाराला ते लाइपझिगला गायलं, आणि काही वर्षांत ते ‘अस्सल तिरोली गाणं’ म्हणून छापून आलं. कवीचं नाव नाही, संगीतकाराचं नाव नाही.

मैफलीत काय गळालं ते मोजण्यासारखं आहे. सहा कडव्यांची तीन झाली. चालीतले काही स्वर बदलले. आणि कॉयरचा प्रतिसाद गेला, कारण फिरत्या गायकांच्या चार-पाच माणसांच्या संचात एकल कोण आणि कॉयर कोण? सगळेच सगळं गाणार. गाणं अधिक गोड झालं असेल, पण वाटून गायची त्याची घडण मोडली. नंतरच्या भजनपुस्तकांत ते आलं ते असं एकसंध होऊन आलं, आणि आपल्यापर्यंतही तसंच पोचलं.

१८५४ साली बर्लिनच्या राजदरबारी वाद्यवृंदाकडून साल्झबुर्गच्या सेंट पीटर मठात विचारणा आली: हे गाणं मिखाएल हायडनचं आहे का, मूळ प्रत मिळेल का? ग्रूबर यांचा धाकटा मुलगा फेलिक्स तेव्हा त्याच मठाच्या कॉयरमध्ये गात होता. प्रश्न त्याच्यामार्फत वडिलांपर्यंत गेला. ग्रूबर तेव्हा हालाइनला कॉयरमास्तर होते, वय सदुसष्ट. ३० डिसेंबरला त्यांनी हकिगत लिहिली आणि लाइपझिगच्या संग्रहात चाल थोडी बदलून छापली गेली आहे असं नोंदवून मुळाबरहुकूम प्रत सोबत जोडली. तक्रारीचा सूर नाही. मोर सहा वर्षांपूर्वीच, १८४८ साली, वाग्राइन गावी वारले होते.

वसईच्या बाजूने

आपल्याकडे मध्यरात्रीच्या मिस्सेत हे गाणं बहुधा कम्युनियननंतर येतं. दिवे मंद होतात, कीबोर्डवर तारवाद्यांचा आवाज लागतो, सगळा कॉयर सगळी कडवी चार आवाजांत म्हणतो, आणि लोक ऐकतात. सुंदर असतं. ऐकणं हाही सहभाग आहे, हे १९६७ चं सूचनापत्रही मानतं, त्यामुळे यात कुणाचं चुकतं असं मी म्हणणार नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा हीच रीत उरलेल्या मिस्सेत शिरते. नाताळसाठी ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ला नवी चाल बसवली जाते, सराव फक्त कॉयरचा होतो, आणि वर्षभर हे मोठ्याने म्हणणारी माणसं वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री तोंड मिटून उभी राहतात. इथं चाल कितीही उत्तम असली तरी नियमाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणेही ती चूक आहे. ग्लोरियात हौस भागवा, तिथं मुभा आहे.

ज्या कॉयरमध्ये टेनर मिळत नाहीत आणि बास दोनच आहेत, त्यांनी ओबर्नडॉर्फची मूळ वाटणी खुशाल करून बघावी. कडवं दोन गळ्यांना द्या, तयार असतील ते. साथीला एकच गिटार, कीबोर्डला सुट्टी. शेवटच्या ओळी कॉयरने चार आवाजांत परत म्हणायच्या, चार आवाज नसतील तर दोन. तिसऱ्या कडव्याला कॉयरमास्तरने लोकांकडे वळून हात करायचा आणि त्या ओळी त्यांनाही म्हणायला लावायच्या. आधीच्या रविवारी मिस्सेपूर्वी पाच मिनिटं तेवढ्याच ओळी घोटून घेतल्या की काम भागतं. पट्टीही डीवर ठेवू नका, मध्यरात्री झोपेतून उठून आलेल्या गळ्यांना बी-फ्लॅट पुरतो.